शांतवनची नऊ गाणी

हंगाम सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. शनिवार होता, दिवस नुकताच मावळला होता आणि मी कारखान्याच्या कॉम्प्युटर रूममध्ये वजनकाट्याच्या पावत्यांची यादी छापायला लावून प्रिंटरच्या करकरीकडे बघत बसलो होतो. गेटवरून फोन आला. वॉचमन म्हणाला, "भाऊसाहेब, पाटोळे मिस्त्रीला चारीच्या पुलाजवळ ट्रॉलीनं उडवलं. रिकामी ट्रॉली हुती, मागनं आली." मी विचारलं, "कसा आहे?" त्यानं उलट मलाच विचारलं, "कानात ती वायर घालूनच चालला हुता का हो? तुमीच गाणी भरून देत हुता ना त्याला?"

तासाभरापूर्वीच शांतवन माझ्यासमोरच्या स्टुलावरून उठून गेला होता. दर शनिवारी पहिली पाळी सुटली की तो माझ्याकडे यायचा. त्याच्याजवळच्या छोट्या प्लेअरमधली जुनी गाणी मी पुसायचो, नवी भरायचो, चहा व्हायचा आणि तो सायकलवर टांग टाकून गावाकडे निघायचा. त्या शनिवारीही तेच झालं होतं. मी पुलापाशी पोचलो तेव्हा त्याला श्रीगोंद्याच्या दवाखान्यात हलवलं होतं. हलवून काही उपयोग नव्हता हे तिथं उभं असलेल्यांच्या तोंडावरच दिसत होतं. सायकल कालव्याच्या चारीच्या भरावावर आडवी पडलेली. ट्रॅक्टरवाला डोकं धरून खाली बसला होता आणि येईल त्याला सांगत होता, "लई हॉर्न दिला हो... लई दिला." बाजूची माणसं आपसात बोलत होती, की गाणी ऐकत चालला होता, म्हणून मेला. या गोष्टीला आता सहा आठवडे होत आले. ते वाक्य कारखान्यात, बाजारात, एसटी स्टँडवर इतक्यांदा कानावर आलंय की आता राग येत नाही, खुलासा करावासाही वाटत नाही. नुसता शीण येतो. तरी एकदा जे जसं झालं तसं लिहून ठेवावं, म्हणून बसलोय.

शांतवन पाटोळे आमच्या कारखान्यात मिल फिटर होता. मिल हाऊस म्हणजे ऊस जिथं रोलरखाली चिरडला जातो ती जागा. हंगामात तिथं शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. अशा ठिकाणी त्यानं बावीस हंगाम काढले होते. मी कारखान्यात लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात कसल्याशा यादीवर सह्या घ्यायला मिल हाऊसमध्ये गेलो आणि त्या आवाजानं गांगरून एका खांबाला टेकून उभा राहिलो. एक काळासावळा, रुंद मनगटांचा माणूस पुढं आला, माझं बखोट धरून मला बाहेर मोकळ्यावर घेऊन आला आणि म्हणाला, "नाव काय?" मी म्हटलं, "भाऊसाहेब." तो हसला. "आल्या आल्या साहेब?" मला सांगावं लागलं, की हे मानाचं नाव नाही, पाळण्यातलंच आहे. पुढं तो मला भाऊसाहेबच म्हणायचा, पण 'अरे-तुरे' करून. तो माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा असूनही मीही त्याला शांतवन म्हणू लागलो.

त्याच्या हाताचं सगळ्यांना कौतुक होतं. बाकीचे फिटर बेअरिंगचा आवाज ऐकून बिघाड ओळखत, हा तळहात टेकवून ओळखायचा. डोळे मिटून दोन-चार क्षण उभा राहायचा आणि सांगायचा, "हे दोन दिवस चालंल. आजच घ्या हाताखाली." सहसा चुकायचा नाही. चीफ इंजिनिअर पाहुण्यांना मुद्दाम त्याच्याकडे घेऊन यायचे. हा तळहात कशासाठी टेकवतो, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

त्याच्या गावच्या ख्रिस्ती वस्तीत त्याची आणखी एक ओळख होती. तो तबलजी होता. त्याचा बाप देवळात भजनाला साथ करायचा (आमच्याकडे ख्रिस्ती माणसंही चर्चला देऊळच म्हणतात), बापामागं शांतवन बसू लागला. नाताळात आसपासच्या वस्त्यांवरून त्याला बोलावणी यायची. मी एकदाच त्याला ऐकलं, नोकरीच्या पहिल्या वर्षी. भजन म्हणणारे थकले तरी याचा हात थांबेना. पुढच्या नाताळाला गेलो तर तबल्यावर दुसराच कुणी होता आणि शांतवन मागं भिंतीला टेकून बसला होता. विचारलं तर म्हणाला, "घण मारून मारून मनगट गेलं रे. आता न्हाई जमत." मला ते पटलं. फिटरचं मनगट जायचंच.

त्याच्या कानांचं मला दोन वर्षांनी कळलं. तो माझ्या टेबलाशी पगाराच्या चिठ्ठीसाठी उभा होता. त्याच्या कोपराजवळ फोन वाजत होता आणि मी दाराबाहेरून ओरडून सांगत होतो, की फोन घे. तो निवांत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा. मी आत येऊन फोन उचलला तेव्हा तो दचकला. फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं... आणि दार लोटून घेतलं. "भाऊसाहेब, कुणाला सांगू नको."

मी सांगितलं नाही. तिथंच थांबलो असतो तर आज हे लिहिताना हात एवढा जड झाला नसता. पुढच्या वर्षी कारखान्यानं कामगारांची तपासणी ठेवली. बाहेरगावचे एक डॉक्टर आले होते. लेबर ऑफिसमधल्या खोलीत नावं पुकारायला आणि शेरे लिहायला मला बसवलं होतं. कानाची तपासणी साधीच होती. माणसाला माझ्याकडे तोंड करून उभं करायचं, डॉक्टर मागून हळू आवाजात आकडा बोलणार, माणसानं तो परत म्हणायचा. शांतवन येऊन उभा राहिला. डॉक्टर मागून म्हणाले, "सात." शांतवन माझ्याकडे बघत राहिला. कपाळावर घाम होता. मी आयुष्यात कधी परीक्षेत कॉपी केली नाही, पण त्या दिवशी रजिस्टरच्या आडून माझी सात बोटं वर झाली. मग तीन, मग नऊ. सगळे आकडे बरोबर आले. मी माझ्या हातानं त्याच्या नावापुढं 'ठीक' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर त्याच्या परसातल्या लिंबांची पिशवी होती. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

मी तसं का केलं? मिल हाऊसमधून काढलं तर त्याला स्टोअरला टाकतील, आणि नटबोल्ट मोजत बसणारा शांतवन माझ्या डोळ्यांपुढं येईना. त्या वेळी मला ती मैत्री वाटली.

मग गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास नवा कॉम्प्युटर आला. दोन हजार सालात जुनी यंत्रं बंद पडणार असं सगळीकडे चाललं होतं, त्या धास्तीनं संचालकांनी तो घेतला. त्याला सीडी ड्राइव्ह होता आणि ड्राइव्हच्या तोंडाशीच हेडफोनचं भोक आणि आवाज कमी-जास्त करायचं चाक. मी पुण्याहून येताना तबलावादनाची एक सीडी आणली होती. शांतवन आला तेव्हा गंमत म्हणून हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला. त्यानं चाक फिरवत फिरवत शेवटाला नेलं. बाहेर मला चार हातांवरून ऐकू येत होतं इतका आवाज. तो जरा वेळ ऐकत राहिला आणि हेडफोन काढून म्हणाला, "डग्गा लई छान वाजवलाय. तबला कुठंय?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी ऐकून पाहिलं. तबला लख्ख वाजत होता. मी तसं सांगितलं तेव्हा तो हळूच बोलला, "सात वर्सं झाली, मला निस्ता डग्गाच ऐकू येतो. चाट येत न्हाई. म्हणून सोडला रे तबला. मनगट कुठलं जातंय..."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाट म्हणजे उजव्या तबल्याच्या कडेवर बोटानं उमटणारा बारीक, टणक आवाज. मिलच्या आवाजानं त्याचे कान बारीक आवाजाला मेले होते. घुमणारं, जाडं तेवढं उरलं होतं. पाखरं गेली, फोनची घंटा गेली, माणसांच्या बोलण्यातले 'स' आणि 'त' गेले. ओठांकडे बघून आणि अंदाजानं तो दिवस ढकलत होता.

पुढं जे झालं ते योगायोगानंच झालं. तेव्हा मी सीडीवरची गाणी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायला शिकत होतो. गाणं आधी जसंच्या तसं उतरवायचं, मग ते दाबून लहान करायचं, म्हणजे जागा कमी लागते. आमच्या यंत्रावर एका गाण्याला जवळजवळ गाण्याइतकाच वेळ लागायचा. उतरवलेलं गाणं दाबण्याआधी त्यात फेरफार करायचं एक सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं. पडद्यावर उभ्या दांड्यांची रांग, डावीकडे जाडे आवाज, उजवीकडे बारीक. एका संध्याकाळी शांतवनला हेडफोन देऊन मी उजवीकडच्या दांड्या वर सारत गेलो. एक सारली, दुसरी सारली. तो नुसता बसून होता. तिसरी अगदी टोकाला नेली आणि त्यानं माझा हात मनगटाशी घट्ट धरला. "थांब. हालवू नको." त्याची उजव्या हाताची बोटं मांडीवर चालू लागली. डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. त्याच्या कपाळावर नेहमी असणारी आठी तेवढी नाहीशी झाली होती. गाणं संपल्यावर म्हणाला, "परत लाव."

त्यानंतर आमचा तो उद्योगच झाला. ऑफिस सुटलं की तासभर आम्ही गाणी उतरवायचो आणि वरचे सूर चढवायचो. साध्या कानाला ते ऐकवत नसे. पत्र्यावर खिळा ओढावा तशी किरकिर. मी कानावरून हेडफोन काढून ठेवायचो आणि त्याच्या तोंडाकडे बघून दांड्या हलवायचो. त्याच्या नावाचं एक फोल्डर मी कॉम्प्युटरमध्ये केलं होतं. साहेब लोकांना माहीत होतं, पण कुणी काही बोललं नाही.

त्याला हे घरी न्यायचं होतं. वॉकमन घेऊन पाहिला, पण कॅसेटवर भरलं की चढवलेले बारीक सूर कॅसेटच्या खरखरीत हरवायचे. कॉम्प्युटरच्या एका मासिकात मी वाचलं, की कॅसेटही नाही आणि सीडीही नाही, आतच गाणी साठवणारा हातात मावेल एवढा प्लेअर परदेशात निघालाय. शांतवनची भाची दुबईला नर्स आहे. मे महिन्याच्या सुट्टीत ती घेऊन आली. त्यात नऊच गाणी मावायची, तीही लहान. शांतवन त्याला डबी म्हणायचा. "नऊ लई झाली," म्हणाला, "सात वर्सांत एक न्हवतं." पण दर शनिवारी कुठलं पुसायचं यावर आमचा वाद व्हायचा. तो एकेका गाण्यावर बोट ठेवून म्हणायचा, "ह्याला ऱ्हाऊ दे. ह्ये अजून पुरतं समजलं न्हाई."

तेव्हाच मी त्याला बजावलं होतं, की रस्त्यात कानात घालू नकोस. तो म्हणाला, "येडा हाय का मी? घरी गेल्यावर, हातपाय धुऊन, तबला म्होरं घेऊन बसतो तवाच."

तो खरंच पुन्हा वाजवू लागला होता. कारखाना बंद असतानाचे ते महिने, मिल उघडून दुरुस्ती चाललेली, आणि शांतवन घरी रोज संध्याकाळी डबी लावून तबल्यावर बसलेला. जुलैत एका रविवारी त्यानं मला देवळात बोलावलं. भजनाला तो बसणार होता. वस्तीतली म्हातारी माणसं खूश झाली होती. पहिलं कडवं ठीक गेलं. मग म्हणणाऱ्यांनी लय वाढवली आणि शांतवन मागं राहिला. त्यानं पेटीवाल्याच्या हाताकडे बघून सावरायचा प्रयत्न केला, पुन्हा चुकला. तिसऱ्या कडव्याला त्यानं हात तबल्यावर नुसते ठेवले आणि भजन संपेपर्यंत तसाच मान खाली घालून बसला. कुणी हसलं नाही. त्यामुळंच त्याला अधिक लागलं असावं. बाहेर लिंबाखाली उभं राहून मला म्हणाला, "माणसांला तुज्या कॉम्प्युटरात घालता येईना ना, भाऊसाहेब."

ऑगस्टात आणखी एक गोष्ट झाली. त्याची बायको, आमच्या मार्थावहिनी, घर आवरताना डबी हातात आली म्हणून त्यांनी सहज कानाला लावून पाहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या तीन किलोमीटर चालत कारखान्यावर आल्या. कॉम्प्युटर रूममध्ये कधी आल्या नव्हत्या. उभ्यानंच म्हणाल्या, "भाऊसाहेब, ती डबी बिघडलीय का?"

"नाही वहिनी. का?"

"कान फाटायची पाळी आली माजी. आन् ह्यांना ते ग्वाड लागतं..." त्या थांबल्या. "ऐकू कमी येतं हे मला ठाव हुतं. इतकं कमी येतं हे न्हवतं ठाव. खरं सांगा, किती येतं त्यांना?"

मी म्हटलं, "येतं की. थोडं कमी." दुसऱ्यांदा खोटं बोललो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या पदर सावरून बाहेर पडल्या.

पण त्यांनी पिच्छा सोडला नाही. सप्टेंबरात मी आणि शांतवन नगरला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्याला एका बंद खोलीत बसवून मशीनवर तपासलं आणि कागदावर आलेख काढून दाखवला. रेघ सपाट जात जात एकदम विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती. डॉक्टर म्हणाले, कानाला ऐकायचं मशीन लावा, थोडा फरक पडेल. पण त्या आवाजातून आधी बाहेर या, नाहीतर उरलंय तेही जाईल. रस्त्यानं जपून चालत जा. परतीच्या एसटीत शांतवन खिडकीबाहेर बघत होता. काष्टी गाव मागं पडलं. मग म्हणाला, "मिलमधनं काढल्यावर मी कोण रे? बावीस वर्सं लोक मला हातावरनं वळखत्यात."

तरी तो बदलीला तयार झाला. कानाच्या मशीनचं मात्र बदलीनंतर बघू म्हणाला. बदलीचा अर्ज मी कॉम्प्युटरवर टाईप केला. तब्येतीच्या कारणास्तव मिल हाऊसमधून बदली मिळावी, अशा चार ओळी. प्रिंट काढायला गेलो तर त्यानं माझा हात धरला. "आत्ता नको. गव्हाणीत मोळी पडू दे. पयला म्हैना मिल लई कुरकुरती, नव्या पोरांला समजनार न्हाई. म्हैन्यानं दे." गव्हाणीत पहिल्या उसाची मोळी पडली, कारखान्याचा भोंगा झाला, गाळप सुरू झालं. दर शनिवारी तो येत होता, मी गाणी भरत होतो. अर्ज त्याच फोल्डरमध्ये, गाण्यांच्या शेजारीच होता. मला दर शनिवारी दिसायचा. एकदा विचारलंही, "काढू का प्रिंट?" तो म्हणाला, "अजून आठ दिवस." मी जोर केला नाही. महिना व्हायला पाच दिवस कमी होते तेव्हा चारीच्या पुलावर ती ट्रॉली आली.

पंचनाम्याच्या वेळी पोलिसांनी त्याच्या पिशवीतल्या वस्तूंची यादी केली. मी तिथं होतो. हवालदारानं जेवणाचा डबा उघडला. धुतलेल्या, कोरड्या डब्यात रुमालात गुंडाळलेला प्लेअर होता. बंद केलेला. वायर नीट वळून, दोऱ्याचं रीळ असावं तशी बांधलेली. धूळ जाऊ नये म्हणून तो तसा ठेवायचा. हवालदार म्हणाला, "म्हणजे गाणी ऐकत नव्हता." मी एवढा मोकळा श्वास घेतला की मला माझीच लाज वाटली. मी गुन्हेगार नव्हतो. हा मोकळेपणा गेटच्या बाहेर येईपर्यंत टिकला. मग उलगडलं, की कानात काहीच नव्हतं, हॉर्न वाजतच होता आणि तरी त्याला तो ऐकू आला नाही. वायर कानात असती तर दोष त्या दिवसाचा ठरला असता. आता दोष चार वर्षांचा झाला, आणि त्यातली सात बोटं, तीन बोटं, नऊ बोटं माझी होती.

माती दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी वहिनींकडे गेलो. घरात बायका होत्या, त्या उठून बाहेर गेल्या. मी वहिनींना सगळं सांगितलं. तपासणीचं सांगितलं, मी 'ठीक' लिहिलं ते सांगितलं, अर्ज छापायचा राहिला ते सांगितलं. मला वाटलं होतं त्या रडतील, मला घराबाहेर काढतील. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "तुमी एक दिस बोटं वर केली. मी सात वर्सं रोज त्यांच्या वतीनं लोकांला उत्तरं दिली. पाव्हणं काय इचारतंय ते मी सांगायची, मंग ह्ये बोलायचे. लोकांला वाटायचं, बाई लई आगाव हाय. मीबी झाकलंच की, भाऊसाहेब."

"पण माझ्यामुळं—"

"तुमच्यामुळं न् माज्यामुळं, वाटून काय हुनार हाय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. माझ्यासारख्याच त्या दमलेल्या होत्या. "तितं मिलमधी अजून असतील ना असे? त्यांचं बगा."

मी ते केलं. चीफ इंजिनिअरना लेखी कळवलं, की चार वर्षांपूर्वीच्या तपासणीत मी काय केलं होतं. मला वाटलं नोकरी जाईल. चौकशी झाली, समज मिळाली, दोन वेतनवाढी थांबल्या. पण नगरच्या डॉक्टरांना मशीन घेऊन बोलावलं गेलं आणि मिल हाऊसच्या सगळ्या माणसांचे कान तपासले गेले. तिघांना तिथून हलवलं, त्यांचा जादा भत्ता गेला. त्यातला एक ऑइलमन कामगार चाळीत माझ्या शेजारी राहतो. तो आता माझ्याशी बोलत नाही. त्याची बायको नळावर माझ्या बायकोला म्हणाली, की स्वतःच्या पापाची फेड आमच्या घरावर केली. कदाचित तेही खरं असेल. कोण चूक, कोण बरोबर हे मांडत बसायचं त्राण आता माझ्यात नाही. मिल हाऊसच्या दारात आता कानात घालायचे बोळे ठेवलेत. निम्मे लोक घालतात, निम्मे घालत नाहीत.

शांतवनचं फोल्डर अजून पुसलेलं नाही. अर्जाची फाईल मी एका दुपारी पुसली. ती पुसायला डबीतल्या गाण्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

मागल्या रविवारी वहिनींकडे गेलो होतो. नाताळ तोंडावर आलाय. वस्तीतल्या पोरांनी कागदाचे तारे टांगायला घेतले होते, पण या घरावर यंदा तारा नव्हता. डबीतला सेल संपला होता. मी म्हटलं, "ती गाणी साध्या आवाजात करून देऊ का? तुम्हाला ऐकता येतील." वहिनींनी मान हलवली. "नगं. ऱ्हाऊ द्या तशीच." मग चहा झाला, भाचीच्या पत्राचं बोलणं झालं, शेळी व्यायली त्याचं झालं. सगळं एरवीसारखं. मी निघालो तेव्हा घरात अंधारून आलं होतं. बोलता बोलता वहिनी उठल्या आणि दाराशी जिथं बाहेरचा उजेड पडत होता तिथं येऊन उभ्या राहिल्या. तोंड उजेडाकडे केलं, पदर हनुवटीखाली घेतला आणि एकेक शब्द सुटा करत, ओठ पुरते उघडून मला म्हणाल्या, "सावकाश... जा... भाऊसाहेब."

मला तर सगळं ऐकू येतं. वहिनींनाही ते ठाऊक आहे. पण निरोप देताना त्या आता कुणाशीही अशाच बोलतात.